बायो नाही, मग संपलं?

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेत पालकांची रीघ लागते. मुलगा हुशार तर मॅथ्स, मुलगी हुशार तर बायो, आणि घरात चाचा इंजिनियर असतील तर विचारायलाच नको. पंधरा वर्षांच्या पोराने अकरावीच्या फॉर्मवर खूण केली की झालं. दोन वर्षांनी तो म्हणाला, मला डॉक्टर व्हायचंय, तर आपण मोठी माणसं एका सुरात सांगतो, "आता नाही होत बेटा. बायो कुठाय तुझी?"

हे उत्तर चुकीचं आहे आणि आपण ते आजही बिनधास्त देतोय.

पूर्वी अकरावी-बारावी अशी सलग दोन वर्षं बायोलॉजी शिकलेली असणं सक्तीचं होतं. 2018 साली दिल्ली उच्च न्यायालयाने ओपन स्कूलच्या मुलांवरची बंदी उठवली, पण वाद पुढे लोंबकळत राहिला. नोव्हेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेच जाहीर केलं की बारावी पास झाल्यावर मान्यताप्राप्त बोर्डातून बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी जादा विषय म्हणून पास केली, तरी नीट देता येईल. एनआयओएसमधून हा विषय सुटा देता येतो. प्रॅक्टिकल चुकवू नका. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मिळून खुल्या वर्गाला 50 टक्के लागतात, राखीव वर्गाला 40. आपल्यातल्या बऱ्याच बिरादऱ्या ओबीसीत आहेत, पण दाखला काढायचा आळस!

कुणी म्हणेल, दोन वर्षं बायो न शिकलेला डॉक्टर कसा चालेल? अहो, नीटच्या 720 पैकी 360 गुण बायोचेच आहेत. तो डोंगर चढलेल्याला तुम्ही आणखी कुठली परीक्षा लावणार? आणि नीटचा पेपर उर्दूतही निघतो, मराठीतही. उर्दू माध्यमाची पोरं मागे पडतात ती पेपरच्या भाषेमुळे कमी, त्यांना वेळेवर कुणी सांगत नाही म्हणून जास्त.

आपण गप्प बसतो तिथे एजंट बोलतो. "बायो नसली तरी चालेल, नीटचीही गरज नाही, बाहेर ॲडमिशन करून देतो." ॲडमिशन मिळेलही. पण परदेशातून एमबीबीएस करून इथे डॉक्टरकी करायची तर नीटची पात्रता लागतेच. अम्मीचे दागिने विकून आणलेली ती डिग्री इथे भिंतीवर टांगायच्या कामाची. एजंटाला शिव्या घालणं सोपं आहे. त्याच्याकडे पोराला पाठवलं कुणी?

मी बीएड केलंय. मार्गदर्शन कसं करावं यावर पानंच्या पानं लिहून पास झालोय. 2019 मध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी आली होती. बारावी मॅथ्स ग्रुपने झालेली, वालिद रिक्षा चालवणारे. "सर, बायो आता देता येईल का?" मी म्हटलं, नाही. तिने मान हलवली, सलाम केला आणि बीएससीला गेली.

गेल्या वर्षी तिच्या धाकट्या भावाचा तोच प्रश्न आला, तेव्हा मी पहिल्यांदा नियम काढून वाचले. रात्री तिला फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग अगदी अदबीने विचारलं, "सर, तेव्हा तुम्ही कुणाला विचारलं होतं?"

कुणालाच नाही.