पाणी ओतताच चुना का उकळतो?

आमच्या लहानपणी हदगावात ईदच्या आधी घराला चुना द्यायची धांदल असायची. अब्बा कळीच्या चुन्याचे खडे आणून पत्र्याच्या डब्यात टाकत आणि वरून पाणी ओतत. एका वर्षी धाकटा भाऊ डब्यात डोकावला. चुना फसफसून उडाला आणि त्याचा हात भाजला. अम्मीने लगेच त्याचा हात पाण्याखाली धरला, म्हणून थोडक्यात निभावले. रडे थांबल्यावर त्याने विचारले, “अब्बा, चूल तर पेटवलीच नव्हती, मग आग आली कुठून?”

दहावीच्या वर्गात रासायनिक अभिक्रियांचा धडा शिकवताना आम्ही दरवर्षी याच प्रश्नापासून सुरुवात करतो.

उत्तर चुन्याच्या भट्टीत आहे. चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. 100 ग्रॅम चुनखडीचा 56 ग्रॅम चुना होतो आणि त्यात सुमारे 178 किलोज्यूल उष्णता शोषली जाते. ही ऊष्माग्राही अभिक्रिया. ही ऊर्जा नाहीशी होत नाही, म्हणून तिचा हिशेब पुढे लागतो.

त्याच 56 ग्रॅम चुन्यावर पाणी पडले की नवे रासायनिक बंध तयार होतात आणि सुमारे 65 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ही ऊष्मादायी अभिक्रिया. किलोभर शुद्ध चुन्यातून, कागदावरच्या हिशेबाने, 30 अंशांचे सुमारे चार लिटर पाणी उकळीला नेण्याइतकी उष्णता सुटते. म्हणजे बिनचुलीचे आधणच!

मग उरलेले 113 किलोज्यूल? भिंतीवर लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, तेव्हा तेही परत मिळतात. मात्र हे काम इतके सावकाश चालते की भिंतीला हात लावला तरी ऊब कळत नाही. 65 आणि 113 मिळून 178. वाट कोणतीही असो, सुरुवात आणि शेवट तोच असेल तर उष्णतेचा हिशेब तोच राहतो, हा नियम जर्मेन हेस यांनी 1840 मध्ये मांडला.

पालकांनो, यातून घरासाठी घ्यायचे ते असे. पसरट धातूच्या भांड्यात आधी भरपूर पाणी घ्या आणि त्यात चुना थोडाथोडा टाका. चुन्यावर पाणी ओतू नका. प्लास्टिकची बादली नको, झाकण नको. मुलांना लांब ठेवा. अंगावर कोरडी पूड पडली तर आधी झटका, मग वाहत्या पाण्याने भरपूर धुवा. डोळ्यात गेला तर लगेच धुवायला लागा, निदान वीस मिनिटे धुवा आणि दवाखाना गाठा. हळद, तूप, लिंबू काही लावू नका. पानाचा चुना गरम होत नाही, पण डोळ्याला तोही तितकाच घातक असतो.

आणि मुलांना प्रयोग हवाच असेल तर पाण्यात लिंबूसत्व विरघळवून चमचाभर खायचा सोडा टाकायला सांगा. पेल्याला हात लावून बघू द्या. पेला गार का झाला, हे त्यांनाच सांगू द्या.