मर्दानगीचं इंजेक्शन

आमच्या नात्यातल्या एका मुलाच्या लग्नाला दोन वर्षं झाली आणि घरात कुजबुज सुरू झाली. पाळणा हलत नाही म्हणजे दोष सुनेचा, हे आपल्याकडे तपासणीच्या आधीच ठरलेलं असतं. तिला दर्ग्यावर नेलं, दंडाला तावीज बांधला, सोनोग्राफी झाली, नळ्यांचा एक्स-रे झाला. सगळं ठीक. डॉक्टरीणबाई खमक्या होत्या. म्हणाल्या, आधी नवऱ्याचं वीर्य तपासून आणा, तोवर हिला एक गोळी देणार नाही. रिपोर्ट आला. शुक्राणू शून्य.

तेव्हा कुठे त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, की तो वर्षभर दर पंधरा दिवसांनी ‘ताकदीचं’ इंजेक्शन घेतोय. लग्नानंतर काही महिन्यांत बायकोजवळ जायची इच्छाच मरून गेली होती. अब्बांना सांगता येईना, मौलानांना विचारवेना. मित्राने शहरातल्या एका पुरुषांच्या खास क्लिनिकचा पत्ता दिला. तिथे पाच मिनिटांत निदान झालं. ना रक्त तपासलं, ना काही विचारलं. इंजेक्शन टेस्टोस्टेरॉनचं होतं.

ज्या घराला नातू हवा होता, त्या घरातल्या मुलाने मर्दानगीसाठी असं औषध घेतलं, ज्याने मूल होणंच बंद झालं. हा अपघात नव्हे, औषधाचा नेहमीचा परिणाम आहे. आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती वृषणांना निरोप पाठवते, की टेस्टोस्टेरॉन बनवा, शुक्राणू बनवा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की तिला वाटतं माल भरपूर आहे, आणि ती निरोप पाठवणं थांबवते. रक्तात हार्मोन वाढलेलं दिसतं, पण शुक्राणूंचा कारखाना बंद पडतो. वृषणं लहानही होऊ शकतात. म्हणूनच नजीकच्या काळात ज्याला मूल हवंय त्याला हे औषध देऊ नये, असं डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या क्लिनिकमध्ये ‘मूल हवंय का?’ एवढंही कुणी विचारलं नाही.

मला राग त्या दुकानाचा आहेच. पण दुकान नवं नाही. रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर ‘मर्दाना कमजोरी’ वाचत आपण लहानाचे मोठे झालो. अशा जाहिराती करू नयेत असा कायदा 1954 सालापासून आहे. भिंतीवर कुणी तो पाळला नाही, आता मोबाइलवर कोण पाळतो? फरक एवढाच, की हकीमसाहेबांच्या माजूनच्या जागी आता हार्मोन आलं, आणि पांढऱ्या कोटामुळे ते खरं वाटतं. हा भ्रमही जुनाच. 1889 साली पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार नावाच्या 72 वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परत आल्याचं जाहीर केलं. त्या पाण्यातल्या अर्कात हार्मोन जवळजवळ नव्हतंच. जे काही उतरलं होतं ते मनात उतरलं होतं.

मी औषधाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर लोक म्हणतील हा पण त्यातलाच. ज्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन खरोखर बनत नाही, कुणाला गालगुंडात वृषणांना इजा झालेली असते, कुणाला जन्मजात गुणसूत्रांचा दोष असतो, कुणाच्या पिट्युटरीत गाठ असते, त्यांच्यासाठी ते बरकतीचं औषध आहे. इच्छा परत येते, हाडं भक्कम होतात. पण ती कमतरता सिद्ध करावी लागते. हार्मोन सकाळी जास्त असतं, म्हणून रक्त सकाळी, उपाशीपोटी द्यायचं. फज्रनंतर सरळ लॅबमध्ये गेलं तरी चालेल. आणि एकदा कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन्ही वेळा कमी आणि सोबत लक्षणं, तरच उपचाराची गोष्ट. नंतरही रक्त फार दाट तर होत नाही ना, प्रोस्टेट ठीक आहे ना, हे पाहत राहावं लागतं. जेल लावत असाल तर ती जागा झाकून ठेवा. अंगाला अंग लागून ते बायकोच्या, लेकराच्या शरीरात जातं.

वयाने हार्मोन थोडं उतरलं म्हणून ते भरून काढणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2015 साली स्पष्ट केलं, की केवळ वय वाढलं या कारणासाठी या औषधाला मान्यता नाही. 65 वर्षांवरच्या, खरोखर कमतरता असलेल्या 790 पुरुषांवरच्या प्रयोगाचे निकाल 2016 साली आले. त्यात इच्छा वाढली, पण माफकच. पुढे 2023 साली पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या अभ्यासात हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसले नाहीत, हा दिलासा. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणं थोडं जास्त आढळलं. हे शक्तिवर्धक चाटण नाही.

आणि मुळात, इच्छा कमी म्हणजे टेस्टोस्टेरॉन कमी, हे समीकरणच चुकीचं आहे. इच्छा आणि ताठरता याही दोन वेगळ्या गोष्टी, पण दुकानात दोन्हीला एकच पुडी. इच्छा मरते ती मधुमेहाने, लठ्ठपणाने, रात्रभर घोरत श्वास अडकल्याने, दारूने, कर्जाने, उदासीने. नवराबायकोत अबोला असेल तर कुठलं हार्मोन बोलणार? प्रोलॅक्टिन नावाचं दुसरंच हार्मोन वाढल्यानेही इच्छा जाते, आणि त्याच्या गोळ्या वेगळ्या असतात.

आता दुकानातून घरात येऊ. त्या मुलाला तिथे कुणी पाठवलं? आपल्या गप्पांनी पाठवलं. हा विषय बेशरमीचा आहे असं सांगणाऱ्यांना मी दोन प्रसंगांची आठवण देतो, बुखारीत आहेत. हजरत सलमान फारसी (रजि.) हजरत अबू दरदा (रजि.) यांच्या घरी गेले तेव्हा त्यांची पत्नी मळक्या, साध्या कपड्यांत दिसली. विचारलं तर म्हणाली, तुमच्या भावाला या दुनियेत काही रस उरलेला नाही. सलमान यांनी ऐकून घेतलं, मित्राला जेवायला बसवलं, रात्री झोपायला लावलं आणि बायकोचाही तुझ्यावर हक्क आहे हे तोंडावर सांगितलं. प्रेषितांनी (स.) सलमान यांना बरोबर ठरवलं. आणि उम्मे सुलैम (रजि.) यांनी स्त्रीच्या स्वप्नावस्थेबद्दल प्रेषितांना थेट विचारलं, कुणी त्यांना गप्प केलं नाही. आपल्याकडे मात्र निकाहच्या आधी मेहेर, जेवणाच्या पंगती, फर्निचर यावर रात्र जागवली जाते. नवरा मुलगा कुठल्या गोळ्या घेतो हे कुणी विचारत नाही.

फिकहनेसुद्धा याला शाप मानलं नाही. 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात, पती लग्नाच्या वेळी नपुंसक होता आणि अजून आहे हे पत्नीला घटस्फोट मागण्याचं एक कारण आहे. पण पतीने अर्ज केला तर न्यायालय त्याला दोष दूर झाल्याचं दाखवायला एक वर्ष देतं. वर्षभराची ही मुदत आपल्या जुन्या फकीहांकडून आलेली आहे. म्हणजे त्यांनाही माहीत होतं, की हे शरीराचं दुखणं आहे, बरं होऊ शकतं, आणि बाईने त्यासाठी जन्मभर गप्प बसायची गरज नाही. आपण त्यांच्याही मागे गेलो.

मराठीत हे बोलायची परंपरा नाही असंही नाही. र. धों. कर्व्यांनी 1927 ते 1953 ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, खटले सोसले. 1934 साली त्यांच्या बाजूने कोर्टात डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. आपल्या मोहल्ल्यांत तो अंक फारसा पोचला नसावा.

त्या मुलाला मी एका हार्मोनतज्ज्ञाकडे नेलं. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, सध्या काय काय घेतोस? लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याची आखाताची नोकरी गेली होती आणि छातीत धडधड व्हायची म्हणून तो उदासी-घबराटीच्या गोळ्या घ्यायला लागला होता. त्या गोळ्यांनी इच्छा कमी होते, हे डॉक्टरांत सर्वांना ठाऊक असतं. इच्छा गेली ती तेव्हापासूनच. इंजेक्शन बंद झालं, मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी बदलली, एकदम तोडली नाही. शुक्राणू परत दिसायला दहा महिने लागले, आणि डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहेस, काहींना याहून जास्त लागतात.

घरात आता सगळे खूष आहेत. तिच्या दंडावरचा तावीज तिने स्वतःच सोडला. माफी मागायला अजून कुणी आलेलं नाही.