'हॅलो वर्ल्ड'च्या आधीचा घाट

मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला का थांबते, असं विचारलं तर निम्मं पब्लिक ओरडेल, "वडापावसाठी!" खरं कारण अर्थात सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे लोणावळ्यापर्यंत ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे. म्हणून गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात. १८६३ साली हा घाट रेल्वेला खुला झाला, तेव्हापासून हा चढ काही कमी झालेला नाही. पण मदत घेतली म्हणून आजवर कुठल्या गाडीला कोणी 'ढ' म्हटलेलं नाही!

हे आठवायचं कारण म्हणजे आमचा मिनी प्रोजेक्ट. विषय साधा होता, हॉस्टेलच्या मेसचे खाडे नोंदवण्याची वेबसाइट. चौघांचा ग्रुप. 'रिअ‍ॅक्ट वापरू, दोन दिवसांत होईल,' असं मीच छातीठोकपणे सांगितलं. प्रत्यक्षात पहिलं पान दिसायलाच चार रात्री गेल्या.

पहिल्या रात्री एका व्हिडिओत बघून 'क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप'ची कमांड मारली. व्हिडिओ जुना होता. ते साधन फेब्रुवारी २०२५ मध्येच नव्या प्रोजेक्टसाठी अधिकृतपणे निवृत्त झालंय, हे आम्हाला कुठे माहीत! दुसऱ्या रात्री टर्मिनल म्हणालं, या मशीनवर स्क्रिप्ट चालवायला परवानगी नाही. (ही विंडोजची सुरक्षेची मूळ सेटिंग असते, बिघाड नव्हे. पण रात्री दीड वाजता हे कोण सांगणार?) तिसऱ्या रात्री एका लायब्ररीला रिअ‍ॅक्ट १८ हवं होतं आणि दुसरीला १९. कोणीतरी म्हणालं, "फोर्स लाव." लावला. माझ्या लॅपटॉपवर चाललं, बाकी तिघांच्या नाही. चौथ्या रात्री डाउनलोड अर्ध्यावर असताना पाऊस आला आणि लाइट गेले. ज्या खोपोलीत १९१५ पासून जलविद्युत केंद्र आहे, तिथून हाकेच्या अंतरावर आम्ही मेणबत्ती शोधत होतो. असो.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. पुढचं नाही. माझा रूममेट खालापूर तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. सी प्रोग्रॅमिंगमध्ये आमच्यात सगळ्यात पक्का. तिसऱ्या रात्री लाल अक्षरांनी भरलेल्या स्क्रीनकडे बघून तो शांतपणे म्हणाला, "मला नाही जमणार रे हे. तुम्ही कोड करा, मी रिपोर्ट लिहितो." आणि खरंच त्याने फक्त रिपोर्ट लिहिला. ज्याला पॉइंटर कळतो, त्याने एका इन्स्टॉलेशनपुढे स्वतःला नापास करून टाकलं.

नंतर एकदा फायनल इयरच्या दादाने त्याचा लॅपटॉप बघितला. नोडचं व्हर्जन जुनं होतं. दहा मिनिटांत सुटलं. दादा म्हणाला, "अरे, मलाही गेल्या वर्षी हेच आलं होतं." मग दादा, लिहून का नाही ठेवलंत? तर त्यावर तो हसला. आम्हीही कुठे लिहिलं होतं! आमच्या जाडजूड रिपोर्टमध्ये प्रस्तावना होती, ऋणनिर्देश होता, पण 'हा प्रोजेक्ट चालवायचा कसा' याची एक ओळ नव्हती.

मला तरी वाटतं, चूक इथेच होते. सेटअपला आपण अभ्यास मानत नाही. लॅबमध्ये सगळं आधीच टाकलेलं असतं, त्यामुळे अडचण येते ती रूमवर, एकट्याला, आणि माणूस समजतो की आपणच मठ्ठ. वास्तविक आजची वेबसाइट दुसऱ्यांनी लिहिलेल्या शेकडो छोट्या पॅकेजेसवर उभी असते. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचं जेमतेम अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं, तर जगभरातले हजारो प्रोजेक्ट बिल्ड होईनात! तिथले लोक काय मठ्ठ होते?

काही सर म्हणतील, "धडपडल्याशिवाय शिकत नाही." मान्य. पण एरर वाचून केलेली धडपड शिकवते, डोळे मिटून 'फोर्स' मारलेली नाही. आणि एआयला विचारून मिळालेलं उत्तर काम करतं, पण तेही त्या एका मुलाच्या चॅटमध्येच राहतं. पुढच्या वर्षीचा ज्युनिअर पुन्हा पहिल्या रात्रीपासून सुरू.

म्हणून सुचवावंसं वाटतं. एक, पहिलं प्रॅक्टिकल कोऱ्या मशीनवर व्हावं, त्यात इन्स्टॉल करणं आणि एरर वाचणं शिकवावं. दोन, प्रत्येक रिपोर्टमध्ये सेटअपचं एक पान सक्तीचं असावं. त्यात व्हर्जन लिहिलेली असावीत, कोडसोबत लॉक फाइल असावी, आणि ते पान वाचून ग्रुपबाहेरच्या मुलाने प्रोजेक्ट चालवून दाखवला तरच त्याचे मार्क मिळावेत. तीन, हॉस्टेलला एक रजिस्टर असावं. कुठला एरर आला, कशाने गेला, तारीख. बस्स.

तिसऱ्यासाठी आम्ही कोणाच्या परवानगीची वाट बघितली नाही. दोनशे पानी वही रीडिंग रूममध्ये, पेपरच्या स्टँडशेजारी दोरीने बांधली आहे. पहिली नोंद नोडच्या व्हर्जनची आहे आणि ती माझ्या रूममेटच्या अक्षरात आहे. सध्या तो खाड्यांच्या वेबसाइटचं लॉगिन लिहितोय.

बँकर शेवटपर्यंत सोबत येत नाही, लोणावळ्याला सुटतो. पुढे गाडी आपली आपण जातेच. तेव्हा सीनिअर्स, वहीची पानं भरपूर शिल्लक आहेत. पेन मात्र आपापलं आणा, आमचं दुसऱ्याच दिवशी गेलं!