बोटीवर जाताना काय नेसायचं, हे कोण ठरवणार?

आठ मार्च झाला की बचत गटांच्या आणि महिला मंडळांच्या सहली निघतात. कोकणाकडच्या सहलीत आता अख्खी बोट भाड्याने घ्यायची पद्धत पडली आहे. तीस-चाळीस जणी वर्गणी काढतात आणि तीन-चार तास समुद्रावर किंवा खाडीत फिरतात. जिने स्वतःच्या आनंदासाठी कधी तिकीट काढलेलं नाही अशी बाई वाऱ्यावर बसून मोठ्याने गाणी म्हणते, हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणूनच सहलीआधी वाटल्या जाणाऱ्या सूचनांबद्दल लिहावंसं वाटतं.

असं एक सूचनापत्रक माझ्यासमोर आहे. ‘गटाची एकसारखी साडी नेसून यावे. ओळखपत्र, डबा व पाण्याची बाटली आणावी. दागिने सांभाळावेत. वेळेवर यावे.’ संपलं. लाइफ जॅकेटचा उल्लेख नाही. संडासाची सोय आहे की नाही, हे नाही. पाळी आली तर काय करायचं, हे तर नाहीच. फोटो छान यावा याची काळजी घेतली आहे. बोट कलंडली तर सहा वार कापड पायांत गुंडाळलेली बाई काय करेल, हा विचार कुणाच्याच मनात आलेला नाही.

‘कशाला अशुभ बोलता?’ असं मैत्रिणी म्हणतील. पण ७ मे २०२३ ला केरळात तानूर इथे क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली बोट उलटली आणि २२ जण गेले. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीतली १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या. बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली. त्यात १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर तिथल्या लाँचमध्ये जॅकेट सक्तीचं झालं. हे सगळे लोक फिरायला किंवा आपापल्या कामाला निघाले होते.

पाणी बाई-पुरुष बघत नाही, पण आपण बाईला पाण्यासाठी वेगळं घडवलेलं असतं. २००४ च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅमने मार्च २००५ मध्ये आकडे मांडले. तमिळनाडूच्या कडलूर भागात ३९१ बायका आणि १४६ पुरुष मेले होते. बायका किनाऱ्यावर होत्या, पोरं त्यांच्या कडेवर होती, आणि पोहणं, झाडावर चढणं मुलींना कधी शिकवलेलंच नव्हतं. पायात अडकणारं वस्त्र हा त्याच घडवण्याचा भाग आहे. भाड्याच्या बोटीवर एखादं कुटुंब नीट बघा. नवरा बर्म्युडात, मोकळ्या हातांनी. बायको साडीत, खांद्याला पर्स, एका हातात डब्याची पिशवी, मांडीवर मूल. जॅकेट दिलंच तर ते बाकावर उशीसारखं ठेवलेलं, कारण अंगात घातलं की पदर चुरगळतो.

मग काय, सगळ्यांना ड्रेस सक्तीचा करायचा? नाही. साडीची सक्ती मोडून दुसरी सक्ती आणण्यात काय अर्थ आहे? ज्या आजीने जन्मभर नऊवारी नेसली तिने काष्टा घट्ट मारून यावं. आपल्या कोळणी पाण्याच्या काठाने त्याच काष्ट्यात वावरल्या, कारण त्यात पाय मोकळे राहतात. अडचण आहे ती परकरावरच्या सहावारीची आणि मोकळ्या ओढणीची. ज्यांना जमेल त्यांनी सलवार-कमीज किंवा पँट-कुडता घालावा, ओढणी घरी ठेवावी. कपडे हा जिचा तिचा निर्णय. जॅकेट मात्र नियम, आणि त्याला अपवाद नाही. ते सगळ्या कपड्यांच्या वरून घालायचं, सगळे पट्टे लावायचे. मग मैत्रिणीने खांद्याकडून वर ओढून बघायचं. कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे. मुलांना मोठ्यांचं जॅकेट चालत नाही, लहान मापाचं आधीच मागून ठेवायचं.

दुसरा प्रश्न संडासाचा. भाड्याच्या अनेक बोटींवर तो नसतो. बायका त्यावर उपाय काढतात: सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. उन्हात चार तास तसंच बसून डोकं दुखतं, चक्कर येते, नंतर लघवीला जळजळ होते. मग ‘बायकांना समुद्र झेपत नाही’ असं म्हणायला सगळे मोकळे. बोट ठरवतानाच विचारायला हवं: संडास आहे का, नसेल तर मध्ये कुठे उतरवाल? त्यासाठी वर्गणी थोडी वाढली तरी चालेल.

पाळीचंही तसंच. एका बंदरावर तांडेलाने मला विचारलं होतं, ‘बाई, तुमच्यात कोणी अडचणीची नाही ना?’ मी म्हटलं, ‘भाऊ, अडचण असलीच तर बोटीत संडास नाही याची आहे.’ तो हसला आणि गप्प बसला. पाळी आहे म्हणून एकही जण मागे राहता कामा नये. जादा पॅड, जुने कागद आणि वापरलेलं परत आणायला झाकणाचा डबा गटानेच न्यावा. समुद्रात काही टाकायचं नाही.

बाकी यादी लहान आहे. दोन्ही हात मोकळे राहतील अशी पाठीवरची पिशवी. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कोरडे कपडे आणि टॉवेल, कारण ओल्या अंगाला वारा लागला की हुडहुडी भरते. मागून पट्टा असलेल्या चपला, कारण धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. उन्हासाठी डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. आलेपाक किंवा लिंबू. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची, पण गरोदर बाईने डॉक्टरांना विचारून. रिकाम्या पोटी जायचं नाही. सोनं, काचेच्या बांगड्या घरी.

‘सासू ड्रेस घालू देणार नाही’ हे मला दर गटात ऐकू येतं. त्या बाईला एकटीने घरात भांडायला लावू नका. ‘पाय मोकळे राहतील असे कपडे व लाइफ जॅकेट आवश्यक’ हे पत्रकात छापा, खाली संस्थेचा शिक्का मारा. शिक्क्याचा कागद दाखवला की पुष्कळ घरांत वाद तिथेच थांबतो. जिच्याकडे ड्रेस नाही तिच्यासाठी गटात चार-पाच जोड गोळा करून ठेवा. बोटीचा परवाना आणि माणसांची क्षमता दोघी-तिघींनी आदल्या दिवशी बघून याव्यात. बोट जास्त भरली असेल तर चढायचं नाही, आगाऊ रक्कम बुडाली तरी. आणि पावसाळ्यात ही सहल काढायचीच नाही.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी २०१७ मध्ये कांदळवनाची सफर सुरू केली. वल्हं त्यांच्याच हातात. म्हणजे बाईचं आणि पाण्याचं वाकडं नाही. आपल्याला बोटीवर नेऊन नुसतं बसवलेलं असतं, म्हणून पाण्याची भीती वाटते. म्हणून यादीबरोबर एक मागणीही जोडूया: नगरपालिकेच्या प्रत्येक तलावावर बायकांसाठी वेगळी वेळ, परवडणारी फी आणि शिकवायला बाई. पुढच्या बैठकीत हे दोन्ही विषय घ्या, आणि तुमच्या गटाने काय ठरवलं ते आम्हाला जरूर कळवा.