आधी गायी मोजा!

लायब्ररी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पी.एल.मधलं पंख्याखालचं टेबल आणि बुक बँकेची फाटकी पुस्तकं. मीही त्यातलाच. पण थर्ड इयरला एक प्रसंग घडला, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा रूम पार्टनर मेकॅनिकलचा. त्याने लहान शेतकऱ्यांसाठी दूध काढायचं स्वस्त मशीन बनवलं. मशीन झकास चालायचं, खोटं कशाला बोलू! डिग्री झाली की गावी वर्कशॉप टाकायचं ठरलेलं. वडील जमीन तारण ठेवून कर्ज काढायला तयार. बिझनेस प्लॅन लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी एका रात्रीत नेटवरून वीस पानं पाडली. सार काय, तर भारत दूध उत्पादनात जगात पहिला, म्हणून मार्केट प्रचंड!

सरांनी प्लॅन चाळला आणि एकच विचारलं, "तुमच्या तालुक्यात गायी-म्हशी किती?"

आम्ही गप्प.

मग प्राचार्यांचं पत्र घेऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. तिथल्या मॅडमनी दोन पुस्तकं पुढ्यात ठेवली. पहिलं आमच्या 'जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन'. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय ते काढतं. त्यात २०१९ च्या पशुगणनेचे तालुकावार आकडे. दुसरं २०११ च्या जनगणनेचं जिल्हा पुस्तक, त्यात कुटुंबांची संख्या. भागाकार केला, तर घरटी दोन जनावरंही भरेनात. आणि दोन गायींचं दूध आमच्याकडच्या बायका मशीन धुऊन होईपर्यंत हातानेच काढून मोकळ्या होतात!

पार्टनरचा चेहरा बघवेना. मॅडमच म्हणाल्या, "अरे, नुसत्या सरासरीवर जाऊ नका. कुणाकडे एकही नसेल, कुणाकडे पंधरा असतील. ते या पुस्तकात नाही, डेअरीच्या रजिस्टरात मिळेल." सुट्टीत पठ्ठ्या पंधरा दिवस दूध संकलन केंद्रावर बसला आणि रोज पन्नास लिटरच्या पुढे दूध घालणारे वेगळे काढले. गिऱ्हाईक होतं, पण मूठभर. आता बेत असा, की भाड्याची शेड घ्यायची आणि ऑर्डर आली तरच मशीन करायचं. वडिलांचा सात-बारा अजून कोरा आहे.

मला गंमत वाटते ती आपली. बेअरिंगवरचा लोड आपण दोन दशांश स्थळांपर्यंत काढतो आणि मार्केट मात्र अंदाजपंचे!

आता थोडं कडू, स्टाफसाठीसुद्धा. १ जानेवारी २०२५ ला केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० जर्नल्स. पण योजना मंजूर झाली ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी. आपलं कॉलेज विनाअनुदानित, म्हणजे आपण कुंपणाबाहेर. स्पर्धक कंपन्यांचे ताळेबंद चाळायचे तर सीएमआयईच्या 'प्रोवेस'सारखा डेटाबेस लागतो, तो काय आपण मेसच्या बिलातून वाचवून घेणार? अशा वेळी विद्यापीठाचं ग्रंथालय हाच आधार. आणि तिथे जायच्या पत्रावर सही मिळवायला आम्हाला चार दिवस खेटे घालावे लागले! सबमिशनच्या दिवसांत चार दिवस म्हणजे काय, ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. प्रोजेक्टच्या ग्रुपला असं पत्र सेमिस्टरच्या सुरुवातीलाच देऊन टाकायला काय हरकत आहे? आणि बिझनेस प्लॅनच्या स्पर्धेत पहिली स्लाईड 'मार्केट प्रचंड' अशी आली, तर परीक्षकांनी तिथेच थांबवून आकडा कुठल्या पानावरचा ते विचारावं. माझ्यासारखे अर्धे तिथेच गळतील.

सगळंच पैसे मोजून मिळतं असंही नाही. भारतीय मानकं, म्हणजे आपले आयएस कोड, बीआयएसच्या साईटवर फुकट उतरवता येतात. दुधाच्या भांड्याला कुठलं स्टील चालतं, हे आम्ही मशीन बनवून झाल्यावर वाचलं, ही गोष्ट वेगळी.

आमच्या जिल्ह्याच्या समालोचनाची झेरॉक्स रूमवर आहे, कुणालाही मिळेल. बाकीच्यांनी आपापला जिल्हा आणावा. झेरॉक्सचे पैसे मात्र ज्याचे त्याने!