सहधर्मचारी

बोईसर-तारापूर ही नोकरीनिमित्त वसलेली गावे. 1969 मध्ये तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि दूरदूरची कुटुंबे येथे स्थिरावली. पतीची बदली झाली की पत्नीने आपली नोकरी सोडून त्याच्यामागे यावे, याला कुणी त्याग म्हटले नाही. तो रिवाजच होता. आज येथील लेकीसुना अभियंता, परिचारिका, संगणकतज्ज्ञ म्हणून परदेशी नेमणुकीवर जाऊ लागल्या आहेत. आता मागे जाण्याची पाळी पतीची आहे आणि त्यासाठी समाजाजवळ रिवाज नाही. सून परदेशी 'घर सांभाळते' हे निःसंकोच सांगणारे आईवडील मुलाविषयी तेच सांगताना अडखळतात.

प्रश्न केवळ मानाचा नाही. अमेरिकेत एच-1बी व्हिसाधारक पत्नीसोबत एच-4 व्हिसावर गेलेल्या पतीला आपोआप काम करता येत नाही. 2015 पासून काहींना तशी परवानगी मिळू लागली. तीही पत्नीचे ग्रीन कार्डाचे प्रकरण ठरावीक टप्प्यावर पोहोचल्यानंतरच. जर्मनीत कायदा आड येत नाही, पण भाषा येते. येथे कारखान्याची अख्खी पाळी सांभाळणारा माणूस तिथे दिवसभर रिकामा बसतो आणि ते रिकामेपण हळूहळू संसारात उतरते.

याचा जुना दाखला आपल्याच परिसरातला आहे. 2014 पर्यंत पालघर ज्या ठाणे जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्यातील कल्याण हे आनंदीबाई जोशींचे माहेर. टपाल खात्यातील गोपाळरावांनी जननिंदा सोसून पत्नीला शिकविले व 1883 मध्ये अमेरिकेस पाठविले. पुढे ते स्वतः तेथे गेले. 1886 मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. परंतु त्याच काळात गोपाळरावांच्या वागण्याबोलण्यात कडवटपणा आला होता. पत्नीला पुढे पाठविणे एक आणि तिच्या नावाने ओळखले जाणे दुसरे. हे दुसरे पाऊल त्या सुधारकालाही जड गेले.

म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच पतिपत्नींनी ठरवावे : पतीच्या कामाची वा शिक्षणाची वाट कोणती, खर्चाचा पैसा दोघांच्या हाती कसा राहील, किती वर्षांनी परतायचे. आणि वडीलधाऱ्यांनी 'जावई तिकडे करतो काय?' हे कुत्सितपणे विचारणे सोडावे. पत्नीला आपण सहधर्मचारिणी म्हणतो. तो धर्म दोघांचा असेल, तर पतीलाही सहधर्मचारी म्हणवून घेण्यात कमीपणा वाटू नये.