गाठ बोटांना यायला हवी

पावसाळा सुरू झाला की शनिवारी रात्री आपल्या शहरातून हरिश्चंद्रगड, कळसूबाईकडे गाड्या निघतात. गटप्रमुखाच्या सॅकमध्ये प्रथमोपचार पेटी असते. दिशा ओळखण्याचा आणि दोर हाताळण्याचा ताजा सराव असतोच असे नाही. डॉक्टर असूनही मला पेटीपेक्षा हा सराव मोलाचा वाटतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये हरिश्चंद्रगडावर धुक्यात-पावसात पुण्याच्या तरुणांचा गट वाट चुकला आणि एकाचा गारठ्याने जीव गेला. थंडीने मरण ही हिमालयातली गोष्ट, असा आपला समज असतो. शरीराच्या आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की हायपोथर्मिया होतो आणि त्याला बर्फ लागत नाही. ओले कपडे, वारा, रिकामे पोट आणि काही तासांची भटकंती पुरते. आधी माणूस कुडकुडतो, मग बोलणे अडखळते, बोटे ऐकत नाहीत, निर्णय चुकू लागतात. अंग गार असतानाच कुडकुडणे थांबले, तर तो आराम नव्हे, धोका वाढल्याची खूण आहे. गटप्रमुखाचे शरीरही याच क्रमाने थकते. अशा वेळी होकायंत्र पहिल्यांदा हातात घेऊन काय कळणार? मोबाइलचे जीपीएस रेंज नसतानाही चालते, पण नकाशा आधी उतरवून घेतला असेल आणि बॅटरी टिकली तरच.

दोराचेही तसेच. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचते, मेंदूला कमी पडते आणि काही मिनिटांतही शुद्ध हरपू शकते. शुद्धीवर असेल तोवर त्याला पाय हलवत राहायला सांगावे आणि लवकरात लवकर उतरवून घ्यावे. उतरवल्यावर अर्धा तास बसवून ठेवा, हा जुना सल्ला अजून कानावर येतो. त्याला पुरावा नाही. आडवे झोपवावे, श्वास पाहावा. पण अडकलेला दोर सोडवताच आला नाही, तर पुढचे वैद्यकीय ज्ञान काय कामाचे?

सीपीआर शिकलेल्यांचे कौशल्य सरावाअभावी काही महिन्यांतच घसरते, हे आम्ही जाणतो. गाठींचे वेगळे कसे असेल? राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले, त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे. ती हवीच, पण नोंदणीच्या कागदावरून हात किती तयार आहे ते समजत नाही. होकायंत्राचा सराव पहाटे गोगाबाबा टेकडीवरही होतो. गाठी घरच्या गॅलरीत, हात गार पाण्यात बुडवून, डोळे मिटून बांधून पाहाव्यात. लटकलेल्याला उतरवण्याचा सराव मात्र जाणत्या प्रशिक्षकासमोर आणि दुसरा सुरक्षा दोर लावूनच करावा.

मुलांना ट्रेकला पाठवणाऱ्या पालकांनी पैसे भरण्यापूर्वी गटप्रमुखाला एवढेच विचारावे: असा सराव शेवटचा कधी केलात?